विश्लेषण : वर्गणीतून उभी राहिलेली दफनभूमी आता कोण सांभाळणार? न्यू ऑर्लिन्सच्या ‘ऑड फेलोज रेस्ट’ची गोष्ट

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कॅनाल स्ट्रीटवरून लाल रंगाची ट्राम धावते. तिच्या पाटीवर शेवटच्या थांब्याचे नाव असते ‘सिमेटरीज’, म्हणजेच दफनभूमी. एक नव्हे, अनेक. या थांब्याच्या चौकाभोवती एकमेकींना लागून किंवा समोरासमोर अशा कितीतरी दफनभूमी आहेत. त्यातलीच एक लहानशी, त्रिकोणी आकाराची जागा म्हणजे ‘ऑड फेलोज रेस्ट’. १८४९ मध्ये सुरू झालेली ही दफनभूमी ना कोणत्या चर्चची होती, ना महापालिकेची, ना एखाद्या श्रीमंत घराण्याची. नियमित वर्गणी भरणाऱ्या सभासदांच्या एका बंधुसंघटनेने ती उभारली. आजारपणात मदत आणि मृत्यूनंतर सन्मानाने दफन, हे त्या वर्गणीमागचे आश्वासन होते. पण आश्वासन देणाऱ्या लॉजच विरून गेल्या, तर त्यांनी बांधलेल्या थडग्यांचे काय होते? त्यांची दुरुस्ती कोणी आणि कशाने करायची? या दफनभूमीचा इतिहास, तिची बांधकामकला आणि तिच्यापुढचा आजचा पेच समजून घेऊ.

‘ऑड फेलोज’ म्हणजे कोण?

आपल्याकडे ‘लॉज’ म्हटले की एसटी स्टँडसमोरची ‘बोर्डिंग-लॉजिंग’ची पाटी आठवते. इथे मात्र लॉज म्हणजे बंधुसंघटनेची स्थानिक शाखा. फ्रीमेसन मंडळींमुळे हा शब्द जगभर पोहोचला. ऑड फेलोज ही त्याच धाटणीची, पण अधिक सामान्य माणसांची संघटना. तिची मुळे अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये आहेत. थॉमस वाइल्डी या इंग्लंडहून आलेल्या कारागिराने २६ एप्रिल १८१९ रोजी बाल्टिमोर शहरात अमेरिकेतील लॉज सुरू केली आणि तिथून ही चळवळ देशभर पसरली. ‘मैत्री, प्रेम, सत्य’ हे तिचे ब्रीद आणि एकमेकांत गुंफलेल्या साखळीच्या तीन कड्या ही तिची खूण.

गुप्त खुणा, दीक्षाविधी, झगे, पदके असा सगळा थाटमाट या संघटनेत होता. त्यामागचा व्यवहार मात्र अगदी साधा होता. सभासदाने ठरलेली वर्गणी भरायची. तो आजारी पडून कामावर जाऊ शकला नाही, तर लॉजकडून भत्ता मिळायचा. तो वारला तर दफनाचा खर्च लॉज करायची आणि मागे राहिलेल्या विधवेला व मुलांना आधार द्यायची. आजाऱ्यांची विचारपूस, अडलेल्यांना मदत, मृतांचे दफन आणि अनाथांचे शिक्षण ही चार कर्तव्ये संघटनेने स्वतःला घालून घेतली होती. आपल्याकडची भिशी आणि गिरणगावातल्या चाकरमान्यांची गावमंडळे डोळ्यांसमोर आणली तर हा व्यवहार लगेच कळेल. सरकारी विमा आणि निवृत्तिवेतन नव्हते त्या काळात, घरापासून शेकडो मैल दूर आलेल्या माणसाला जो भरवसा हवा असतो, तो वर्गणीच्या पावतीतून मिळत होता.

या बंधुत्वाला मर्यादाही होत्या. १८५१ मध्ये संघटनेने स्त्रियांसाठी ‘रिबेका’ ही पदवी सुरू केली, पण कृष्णवर्णीयांसाठी तिचे दरवाजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बंदच राहिले. त्यामुळे कृष्णवर्णीयांनी १८४३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये इंग्लंडच्या मूळ संघटनेशी थेट संबंध जोडून स्वतःची वेगळी ऑड फेलोज शाखा उभी केली. न्यू ऑर्लिन्समध्येही त्यांच्या स्वतंत्र परोपकारी मंडळ्या होत्या. ब्रास बँडच्या साथीने निघणारी त्या शहराची प्रसिद्ध ‘जाझ’ अंत्ययात्रा याच मंडळ्यांच्या परंपरेतून आली. सभासदाला वाजतगाजत निरोप देणे हादेखील वर्गणीचाच भाग होता.

न्यू ऑर्लिन्समध्ये वेगळी दफनभूमी का लागली?

एका शब्दात उत्तर द्यायचे तर पीतज्वर. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचे हे बंदर एकोणिसाव्या शतकात झपाट्याने वाढत होते. आयर्लंड आणि जर्मनीतून हजारो स्थलांतरित येथे उतरत होते. उन्हाळा आला की पीतज्वराची साथ यायची आणि नव्याने आलेल्यांचे सर्वाधिक बळी घ्यायची. हा रोग डासांमुळे पसरतो हे १९०० पर्यंत सिद्ध झालेले नव्हते. १८५३ च्या एकाच साथीत शहरात सुमारे आठ हजार माणसे मेली. १८५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वा लाखाहूनही कमी होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची भीषणता कळते. दफनभूमींच्या दारात शवपेट्यांचे ढीग लागले होते. ज्यांचे इथे कोणी नव्हते, त्यांच्या वाट्याला घाईघाईत खणलेले सामाईक चर येत.

अशा शहरात ‘आपल्या माणसाची जागा आधीच राखून ठेवलेली आहे’ हे आश्वासन किती मोलाचे असेल! कॅनाल स्ट्रीटच्या टोकाला अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांच्या परोपकारी संस्थेने १८४० मध्ये ‘सायप्रस ग्रोव्ह’ ही दफनभूमी सुरू केली होती. तिच्या शेजारची त्रिकोणी जागा ऑड फेलोजनी १८४७ मध्ये घेतली. २६ फेब्रुवारी १८४९ रोजी दफनभूमीचे लोकार्पण झाले, तेव्हा शहरातून मोठी मिरवणूक निघाली. अग्रभागी चक्क सर्कशीच्या बँडगाड्या होत्या. इतर दफनभूमींत आधी पुरलेल्या सभासदांचे अवशेषही या मिरवणुकीतून आणून नव्या जागेत ठेवण्यात आले. परक्या जागी पडलेल्या बांधवांना संघटनेने जणू घरी आणले होते.

पीतज्वराशी या जागेचे आणखी एक नाते आहे. साथीच्या काळात घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या ‘हॉवर्ड असोसिएशन’ या तरुणांच्या स्वयंसेवी संस्थेचे थडगेही येथेच आहे. इंग्लंडमधील तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड यांच्या नावावरून या संस्थेचे नाव ठेवलेले होते.

थडगी जमिनीच्या वर का?

न्यू ऑर्लिन्सच्या दफनभूमींना ‘मृतांची नगरे’ म्हणतात. छोट्या घरांसारखी थडगी, त्यांच्या मधून गल्ल्या, काहींना कुंपण, काहींना लोखंडी दरवाजे. याचे नेहमी दिले जाणारे कारण म्हणजे पाणी. शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, भूजल अगदी वर आहे, त्यामुळे खड्डा खणला की पाणी लागते.

हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. याच शहरात जमिनीखालची दफनेही आहेत. जमिनीवरच्या थडग्यांची पद्धत स्पेन आणि फ्रान्समधून आली आणि हे शहर आलटून पालटून त्या दोन्ही देशांच्या ताब्यात होते. शहरातील सर्वात जुनी शिल्लक दफनभूमी, ‘सेंट लुई क्रमांक १’, स्पॅनिश राजवटीत १७८९ मध्ये सुरू झाली. पुढे १८३० च्या दशकात जे. एन. बी. द पुईयी हा फ्रेंच वास्तुरचनाकार येथे आला आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीची शैली त्याने इथल्या थडग्यांत रुजवली. म्हणजे पाण्याने अडचण निर्माण केली आणि तिचे उत्तर भूमध्य समुद्राकाठच्या परंपरेत तयार होते.

या थडग्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार कुटुंबाच्या थडग्याचा. यात एकावर एक दोन-तीन कप्पे असतात. दुसरा प्रकार आवाराच्या भिंतीतच ओळीने बांधलेल्या कप्प्यांचा. त्यांचा कमानीचा आकार पाव भाजायच्या भट्टीसारखा दिसतो, म्हणून स्थानिक लोक त्यांना ‘भट्टी’च म्हणतात. तिसरा प्रकार मंडळ्यांच्या सामाईक थडग्यांचा. एका मोठ्या वास्तूत ओळीने आणि मजल्यांनी रचलेले अनेक कप्पे, आणि वर मंडळीचे नाव. ऑड फेलोज रेस्टमध्ये हे तिन्ही प्रकार दिसतात. ‘ट्यूटोनिया लॉज’चे सामाईक थडगे त्यांपैकीच एक. नावावरूनच ती जर्मन सभासदांची लॉज होती हे कळते.

एक कप्पा इतक्या जणांना कसा पुरतो?

या रचनेत एक फारच व्यवहारी युक्ती दडलेली आहे. शवपेटी कप्प्यात सरकवायची, तोंड विटांनी बंद करायचे, वर गिलावा करायचा आणि त्यावर नाव कोरलेली संगमरवराची पाटी बसवायची. लुइझियानाच्या कडक, दमट उन्हाळ्यात बंद कप्पा आतून चांगलाच तापतो आणि विघटन वेगाने होते. रूढ नियम असा की ‘एक वर्ष आणि एक दिवस’ कप्पा उघडायचा नाही. ती मुदत संपली की गरजेनुसार विटा काढायच्या, शवपेटीचे उरलेसुरले लाकूड बाहेर काढायचे आणि अस्थी कप्प्याच्या मागच्या बाजूला किंवा तळाशी ठेवलेल्या खोलगट जागेत सरकवायच्या. कप्पा पुढच्या माणसासाठी मोकळा होतो.

याचे साधे गणित करून पाहा. २० कप्प्यांचे एखादे थडगे असेल, तर मुदत पाळून वर्षाला जास्तीत जास्त २० दफने होऊ शकतात. ५० वर्षांत हा आकडा एक हजारापर्यंत जातो. जागा तेवढीच, थडगे तेच. कुटुंबाचे स्वतंत्र थडगे परवडत नसलेल्या सुताराला, गोदीतल्या हमालाला किंवा छोट्या दुकानदाराला संगमरवरी वास्तूत जागा मिळायची ती या गणितामुळे. पण या गणिताला एक कच्चा दुवाही आहे. साथीच्या उन्हाळ्यात २० कप्पे काही आठवड्यांत भरू शकतात आणि मग वर्ष संपेपर्यंत एकही रिकामा होत नाही. म्हणूनच मंडळ्यांनी आपली थडगी सदस्यसंख्येपेक्षा साथीच्या भीतीच्या मापाने बांधली, असे म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट या गणितात गृहीत धरलेली आहे. कप्पा उघडणारा, बंद करणारा, पाटी बदलणारा आणि कोणाच्या अस्थी कुठे आहेत याची नोंद ठेवणारा कोणीतरी कायम असणार! थडगे ही एकदा बांधून सोडून देण्याची वस्तू नव्हती, तर ती चालवावी लागणारी व्यवस्था होती.

ही थडगी कोणी आणि कशाने बांधली?

न्यू ऑर्लिन्सच्या जमिनीत दगड नाही. नदीने आणलेला गाळ तेवढा आहे. त्यामुळे थडग्याचा गाभा विटांचा आणि दर्शनी भाग बाहेरून जहाजाने आलेल्या दगडाचा, अशी विभागणी झाली. मिसिसिपीच्या गाळापासून बनवलेली वीट मऊ आणि सच्छिद्र असे. पाँचरट्रेन सरोवराच्या उत्तर काठावरच्या मातीची वीट त्यामानाने कडक असे. चुनाही बाहेरून आणायची गरज नव्हती. शिंपले भाजून तो तयार करता येई. या चुन्यात वाळू मिसळून केलेल्या मसाल्याने विटा जोडायच्या, त्यावर चुन्याचाच गिलावा द्यायचा आणि दरवर्षी चुन्याची सफेदी मारायची, ही पद्धत होती.

संगमरवर अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतून आणि इटलीतून येई. तो कोरणाऱ्यांत एक ठळक नाव आहे फ्लोरव्हिल फॉय यांचे. वडील फ्रेंच संगमरवर कारागीर, आई स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री. गुलामगिरीच्या काळातही न्यू ऑर्लिन्समध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा मोठा समाज होता आणि बांधकामाच्या कसबांत त्याचा दबदबा होता. फॉय यांनी शहरात स्वतःची संगमरवराची कार्यशाळा चालवली आणि शहरातील दफनभूमींत त्यांच्या हातची कामे आजही दिसतात. ज्या समाजातील माणसांना गोऱ्यांच्या लॉजमध्ये सभासद म्हणून प्रवेश नव्हता, त्याच समाजातील कारागिरांनी शहराच्या मृतांची नगरे घडवली, हे या कलेच्या इतिहासातले उघड सत्य आहे.

मंडळ्यांमध्ये चढाओढही होती. ‘सेंट लुई क्रमांक १’मध्ये इटालियन परोपकारी मंडळीने १८५७ मध्ये पिएत्रो ग्वाल्दी या कलावंताकडून संगमरवराचे भव्य गोल थडगे बांधून घेतले. ‘ईझी रायडर’ या १९६९ च्या चित्रपटामुळे ते जगभर पोहोचले. ऑड फेलोज रेस्टजवळच्याच ‘ग्रीनवुड’ दफनभूमीत ‘एल्क्स’ या दुसऱ्या बंधुसंघटनेचे १९१२ चे थडगे आहे. गवताळ टेकडीच्या पोटात कप्पे, टेकडीवर कांस्याचा एल्क आणि दर्शनी भागावर कायम ११ वाजलेले दाखवणारे घड्याळ. एल्क्सच्या बैठकीत रात्री ११ वाजता दिवंगत बांधवांचे स्मरण केले जाते, म्हणून हे घड्याळ तिथे थांबवलेले. अल्बर्ट वाइब्लेन या नामांकित कंत्राटदाराने बांधलेली ही वास्तू भुसभुशीत जमिनीमुळे आज एका बाजूला कललेली दिसते. इथे पाया हाच सर्वात अवघड भाग आहे, याचे हे उघड्यावरचे प्रात्यक्षिक.

दगडावरची चिन्हे काय सांगतात?

ऑड फेलोज रेस्टच्या ओतीव लोखंडी प्रवेशद्वारावर आणि थडग्यांवर संघटनेची चिन्हे आहेत. लॉजच्या सभासदाला ती पुस्तकासारखी वाचता येत. तीन कड्या म्हणजे मैत्री, प्रेम आणि सत्य. उघड्या तळहातावरचे हृदय म्हणजे मनापासून केलेली मदत. सर्व पाहणारा डोळा ईश्वराचा. वाळूचे घड्याळ आणि विळा सरत्या वेळेची आठवण देतात. मोळीचे चिन्ह मराठी वाचकाला समजावून सांगायची गरजच नाही. एक काठी मोडते, मोळी मोडत नाही, ही म्हाताऱ्याची आणि त्याच्या मुलांची गोष्ट आपण शाळेत वाचलेली आहे.

ही चिन्हे केवळ शोभेची नव्हती. अनेक भाषा बोलणाऱ्या स्थलांतरितांच्या शहरात थडग्यावरचा मजकूर सर्वांना वाचता येईलच असे नाही. तीन कड्या पाहिल्या की इथे झोपलेला माणूस एकटा नव्हता, हे मात्र कोणालाही कळे.

मग सिमेंटने नुकसान कसे होते?

इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत आम्ही काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचो. ज्याचा आकडा मोठा ते मिश्रण चांगले, असा सरळ हिशेब होता. जुन्या विटकामात हा हिशेब उलटा चालतो. जोडणारा मसाला विटेपेक्षा मऊ असावा लागतो.

कारण असे. मऊ वीट जमिनीतून आणि पावसातून पाणी शोषते. चुन्याचा मसालाही सच्छिद्र असल्याने ते पाणी सांध्यांतून बाहेर पडून वाळते. पाण्यासोबत येणारे क्षारही सांध्यातच साठतात. काही दशकांनी सांधा झिजतो, मग गवंडी तो खरवडून नव्या चुन्याने भरतो. वीट शाबूत राहते. म्हणजे सांधा हा मुद्दाम झिजू दिलेला, स्वस्तात बदलता येणारा भाग. शिवाय चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि बारीक भेगा काही प्रमाणात स्वतःच बुजवतो. पाया थोडा खचला तरी असे बांधकाम किंचित हालचाल सहन करते.

आता याच भिंतीच्या सांध्यांत पोर्टलँड सिमेंट भरा. सांधा कडक आणि जवळजवळ पाणी अडवणारा होतो. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला उरते फक्त वीट. क्षार विटेच्या पृष्ठभागामागे साठतात, स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा चेहरा पोपड्यासारखा गळून पडतो. काही वर्षांत चित्र उलटते. सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे उभ्या आणि विटा मागे खचलेल्या. वरून ॲक्रिलिक रंग दिला तर भिंतीचे श्वास घेण्याचे उरलेले मार्गही बुजतात. हे काम करणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. ‘एकदाच पक्के करून टाकू’ असे त्याला वाटते. पण ज्या वास्तूची रचनाच दरवर्षीच्या देखभालीवर बेतलेली आहे, तिला ‘एकदाच पक्के’ सोसत नाही.

आपल्याकडेही हा धडा नवा नाही. किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या दुरुस्तीत सिमेंट वापरल्याने झालेले नुकसान ध्यानात आल्यावर चुन्याच्या घाणीची पुन्हा आठवण झाली. भाषा आणि धर्म वेगळे असले तरी वीट आणि चुन्याचे रसायनशास्त्र दोन्हीकडे एकच आहे.

संगमरवराची व्यथा वेगळी. तो कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने आम्लधर्मी पावसात विरघळतो, त्याचा पृष्ठभाग साखरेसारखा खरबरीत होतो आणि अक्षरे पुसट होतात. ती स्वच्छ करण्यासाठी ब्लीच किंवा जोरदार पाण्याचा फवारा मारला तर झीज आणखी वाढते. आत दडवलेली लोखंडी आकडी गंजून फुगली की दगडाला तडा जातो. आणि गिलाव्याच्या फटीत रुजलेले एक रोप काही वर्षांत अख्खा कप्पा उकलू शकते.

लॉज संपल्या, मग थडगी कोणाची?

विसाव्या शतकात बंधुसंघटनांच्या पायाखालची जमीन सरकली. व्यावसायिक विमा स्वस्त झाला. १९३० च्या दशकातील महामंदीत वर्गणी भरणे अनेकांना जमेना. १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा आला. आजारपणाचा भत्ता आणि दफनाचा खर्च यांसाठी लॉजचे सभासद होण्याची गरज उरली नाही. सभासद म्हातारे झाले, नवे आले नाहीत, लॉज एकमेकींत विलीन झाल्या किंवा बंद पडल्या.

इथेच खरा पेच सुरू होतो. न्यू ऑर्लिन्सच्या परंपरेत दफनभूमीचा मालक रस्ते, गवत आणि आवार सांभाळतो. थडग्याची देखभाल ही थडगे ज्याचे असेल त्याची जबाबदारी. कुटुंबाचे थडगे असेल तर निदान पणतू-खापरपणतू शोधता येतात. लॉजच्या थडग्याला वारस कोण? ज्यांच्या आप्तांचे अवशेष तिथे आहेत त्यांची मालकी नाही, आणि ज्यांची मालकी होती ती संस्थाच उरली नाही.

देखभाल थांबली की काय होऊ शकते, याचे उदाहरण त्याच शहरात आहे. १८२२ मध्ये सुरू झालेल्या गिरोड स्ट्रीट दफनभूमीत मंडळ्यांची अनेक सामाईक थडगी होती. दुर्लक्षामुळे ती इतकी ढासळली की १९५७ मध्ये दफनभूमी म्हणून तिचा दर्जा काढून घेण्यात आला आणि जागा मोकळी करण्यात आली. तिथले अवशेष हलवतानाही गोऱ्यांचे एका ठिकाणी आणि कृष्णवर्णीयांचे दुसऱ्या ठिकाणी नेण्यात आले. आज त्या परिसरात सुपरडोम हे प्रचंड स्टेडियम उभे आहे.

ऑड फेलोज रेस्टवर ती वेळ आलेली नाही. १९८० मध्ये तिचा समावेश अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाला. मात्र या नोंदीचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. नोंद म्हणजे सन्मान आणि काही अनुदानांसाठी पात्रता. खासगी मालकाने दुरुस्ती केलीच पाहिजे, असे बंधन या नोंदीने येत नाही. सर्वसामान्य पर्यटकांसाठी या दफनभूमीचे दरवाजे बंदच असतात. तोडफोड आणि चोरी टाळायला कुलूप उपयोगी पडते, पण चुन्याचा हात कुलूप देत नाही.

जतनाचा मार्ग काय?

न्यू ऑर्लिन्समध्ये याबाबतची जाग १९७४ मध्ये आली. ‘सेंट लुई क्रमांक २’मधील भिंतीतले कप्पे पाडण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा नागरिकांनी ‘सेव्ह अवर सिमेटरीज’ ही संस्था स्थापन केली आणि कप्पे वाचवले. तेव्हापासून शहरात मिळालेल्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट झालेल्या आहेत.

पहिली गोष्ट नोंदींची. कोणत्या कप्प्यात कोण आहे, पाटीवर काय कोरले आहे, कुठे किती पडझड आहे, याची छायाचित्रांसह यादी करणे हे सर्वात स्वस्त आणि सर्वात तातडीचे काम. दगडावरची अक्षरे दर पावसाळ्यात थोडी थोडी जातात. कागदावर किंवा संगणकावर उतरवलेले नाव राहते. दुसरी गोष्ट कसबाची. चुन्याचे काम येणारे गवंडी हवेत आणि ते तयार करावे लागतात. चुकीची दुरुस्ती न केलेल्या दुरुस्तीपेक्षा महाग पडते, कारण आधी सिमेंट खरवडून काढावे लागते आणि त्यात वीट आणखी फुटते. तिसरी गोष्ट पैशांची आणि मालकीची. वारस नसलेल्या थडग्यांची कायदेशीर जबाबदारी कोणीतरी घेतल्याशिवाय आणि त्यासाठी कायमस्वरूपी निधी असल्याशिवाय एकदाच्या दुरुस्तीचा उपयोग फार टिकत नाही.

या सगळ्यांत जुन्या पद्धतीचेच एक सूत्र आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये १ नोव्हेंबर हा ‘ऑल सेंट्स डे’ पाळला जातो. त्याच्या आधी कुटुंबे आणि मंडळ्यांचे सभासद दफनभूमीत जायचे, तण उपटायचे, भेगा बुजवायचे, सफेदी मारायचे आणि शेवंतीची फुले ठेवायचे. श्रद्धेचा हा दिवस म्हणजे प्रत्यक्षात संपूर्ण शहराच्या थडग्यांची वार्षिक तपासणी होती. कोणती पाटी निखळली, कुठे रोप उगवले, कोणता कोपरा खचला, हे वर्षातून एकदा कोणाच्या तरी नजरेस पडायचे आणि बादलीभर चुन्यात काम भागायचे.

ऑड फेलोजनी आपल्या सभासदांना दोन आश्वासने दिली होती. एक, तुमचे दफन सन्मानाने होईल. दुसरे, तुमची जागा सांभाळली जाईल. पहिले आश्वासन त्यांनी साथींच्या उन्हाळ्यांतही निभावले. दुसरे निभावण्यासाठी त्यांनी चांगली वीट, चांगला दगड आणि चांगले कारागीर आणले, पण त्याचा खरा भार होता पुढच्या पिढीच्या सभासदांवर. ती पिढी आली नाही. त्यामुळे आता प्रश्न थडगी कशी वाचवायची एवढाच नाही. त्याचे तांत्रिक उत्तर माहीत आहे आणि ते फार महागही नाही. दर नोव्हेंबरला चुन्याची बादली घेऊन कोण जाणार, हे ठरायचे बाकी आहे.